अर्ध्यावरून उतरायला शिकवणाऱ्या बाई

प्रिय मुलींनो, आणि मुलींच्या आईवडिलांनो,

सगळी मंडळी खुशाल आहात ना? विमल, तुझा घसा आता कसा आहे? ठाण्याच्या शाळेत दिवसभर पोरींवर ओरडतेस आणि घरी येऊन गार पाणी पितेस, असं तुझी सासू सांगत होती. ज्येष्ठमध तोंडात धरत जा. कमळ, तुझ्या बाळाचे दात आले का? दात येताना पोट बिघडतं, घाबरू नकोस, आणि त्याच्या पाठीमागे धावताना स्वतः उपाशी राहू नकोस. अण्णांचा, म्हणजे आपल्या बाईंच्या यजमानांचा, दमा या थंडीत वर आला नाही ना? आणि बाईंचा उजवा गुडघा? तो दुखतो हे बाई मरेतो कबूल करणार नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारते. इकडे टिटवाळ्याला आम्ही ठीक. माझ्या लेकाने, दत्तूने, इथे जागा घेतल्यापासून हवा मानवली आहे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकतो आहे म्हणतात. अक्षर वाकडं आलं असेल तर छापणाऱ्याने सरळ करून घ्यावं.

श्रीमती मनोरमाबाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांच्या हाताखाली दोराचा मल्लखांब शिकलेल्या मुली मिळून गौरवग्रंथ काढत आहेत, काकू, तुम्हीही लिहा, असं विमलचं पत्र आलं. वाचून मी हसले. मोठमोठी शिकलेली माणसं बाईंविषयी लिहितील, आणि मी कोण? मी जन्मात दोरावर चढले नाही. मी तुम्हा पोरींच्या तुमानी शिवल्या. पण मग वाटलं, पायरीवर बसून शिवणाऱ्या माणसाला जे दिसतं ते दोरावर उलटं लटकलेल्या पोरीला दिसत नाही. तेवढं तरी सांगावं.

देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही डोंबिवलीला राहायला आलो. शिवणाचं मशीन खिडकीशी मांडलं आणि दोन-चार घरचं काम येऊ लागलं. एका दुपारी नऊवारी नेसलेल्या, सडसडीत बांध्याच्या एक बाई खाकी कापडाचा तागा काखेत घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"मला तुमानी शिवून हव्यात. मुलींच्या."

"मुलींच्या?"

"मुलींच्या. गुडघ्याखाली येतील अशा. मांडीत सैल, कमरेत घट्ट."

"कुठलं नाटक बसवताय?"

"नाटक नाही हो. दोरावर चढायचंय."

मला इतकं हसू आलं की पायाखालचं मशीन थांबलं. बाईही हसल्या. मग माझ्याच घरात, माझी परवानगी न विचारता, त्या जमिनीवर बसल्या, ताग्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्यात पकडून म्हणाल्या, "ओढा." मी ओढलं. सुटेना. दोन्ही हातांनी ओढलं तरी सुटेना. "दोर असा धरायचा असतो," बाई म्हणाल्या, "आता सांगा, लुगड्यात जमेल का?" मी माप घ्यायची फीत काढली. आमची ओळख ही अशी, अंगठ्यापासून सुरू झाली.

बाईंचे वडील साताऱ्याकडच्या एका गावात तालमीचे वस्ताद होते. तालमीत मुलींना मज्जाव, म्हणून त्यांनी घरामागच्या गोठ्यात आढ्याला दोर बांधून लेकीला शिकवलं. लग्न झाल्यावर दोर सुटला. अण्णांची रेल्वेत नोकरी, आज या स्टेशनात तर उद्या त्या. पुढे डोंबिवलीला स्थिर झाल्यावर बाई मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि शाळेमागची पत्र्याची शेड त्यांनी मागून घेतली. कल्याणच्या बाजारातून सुती दोर आणला, तुळईला टांगला, आणि मुलींचा वर्ग सुरू झाला.

गावात काय काय बोललं गेलं ते आता लिहीत नाही, बोलणारी बरीचशी माणसं आज तुमच्याच सासरची आहेत. बाईंनी एकालाही उत्तर दिलं नाही. संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू ठेवलं, आणि ठेवलं ते शेडमध्ये, दोराखाली. बोलावणं नाकारायची सोय नव्हती. बायका आल्या, अंग चोरून भिंतीला टेकल्या. तिळगूळ झाला आणि बाईंनी मुलींना दोरावर चढवलं. सर्वांत जास्त नावं ठेवणाऱ्या एक आजी होत्या. त्या जाताना दोराजवळ थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि दोर मुठीत धरून जरासा हिसडून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्यांची नात वर्गात होती.

दोराखाली अंथरायला गादी कुठली? भाताचा पेंढा अंथरायचा. तो द्यायचे कमळचे वडील. मानपाड्याला त्यांची भाताची शेती. पहिल्यांदा बैलगाडी भरून पेंढा घेऊन आले तेव्हा बाई संकोचून म्हणाल्या, एवढा कशाला? त्यावर ते गाडीवरूनच म्हणाले, "बाय, आमची पोर परली तं यावरच परंल ना? कवरा पायजे तवरा न्या." असा व्यवहार. बाईंनी त्या घराशी तो नुसता पेंढ्यापुरता ठेवला नाही. कमळची आई बाळंतीण असताना लावणीचा हंगाम होता, तेव्हा बाई शाळा सुटल्यावर मानपाड्यापर्यंत चालत जात आणि घरातल्या लहानग्यांना भरवून परत येत.

माझ्यावरचे उपकार तर किती सांगू? मला विषमज्वर झाला होता तेव्हा तुमच्या तुमानी अर्धवट पडल्या होत्या. बाई रोज वर्ग संपल्यावर आमच्याकडे यायच्या, माझ्या उशाशी बसायच्या आणि बोलता बोलता माझ्या हातची कामं पुरी करायच्या. त्यांनी घातलेली दुमड इतकी वाईट होती की बरी झाल्यावर मला सगळी उसवावी लागली. हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलं नव्हतं. आता छापूनच येणार म्हणजे कळेल.

पण मला लिहायचं आहे ते माझ्या नातीविषयी. सुली, माझ्या दत्तूची थोरली. तिच्यामुळे मला कळलं की बाई नेमकं काय शिकवत होत्या.

नव्या वाचकांसाठी सांगते. वर्गात दोर दोन. एक गाठींचा, बुटका. त्याला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या, म्हणजे पाय घसरला तरी गाठीवर ठरतो. दुसरा उंच दोर, सरळ, एकही गाठ नसलेला. ठाण्याला स्पर्धा व्हायच्या त्यात गाठींच्या दोरावरचा लहान गट आणि उंच दोरावरचा मोठा गट. कुठल्या मुलीला लहानातून मोठ्यात घ्यायचं, हे बाई नागपंचमीला सांगत. त्या दिवशी उंच दोराला हळदकुंकू वाहायचं, बाई नाव पुकारणार, ती मुलगी पहिल्यांदा त्या दोराला हात लावणार, आणि तिच्या घरचे सगळ्यांना लाह्या वाटणार. कुणाचं नाव येणार हे बाई आधी कुणाला सांगत नसत.

सुली दोरावर चढायची ती खारीसारखी. गावातली माणसं वाट वाकडी करून तिला पाहायला यायची. त्यामुळे त्या वर्षी नाव तिचंच, हे आमच्या घरात धरूनच चाललेलं. सूनबाईने लाह्यांचे लाडू वळले, दत्तूने कामावरच्या मित्रांना आवतण दिलं, आणि सुलीने तर आदल्या दिवशीच केसांना नवी रिबीन बांधून आरशासमोर सलामी दिली.

बाईंनी नाव पुकारलं, "कमळ." आणि कुंकवाची कोयरी झाकली.

कमळ गोरीमोरी झाली. सुलीने केसांतली नवी रिबीन ओढून काढली. दत्तू पुढे झाला.

"बाई, एक नाव राहिलं का?"

"राहिलं नाही, दत्तोपंत."

"आमची सुली कमळपेक्षा सरस चढते. वाटेल त्याला विचारा."

"चढते की. मी कुठे नाही म्हणते?"

"मग?"

"तिला अजून उतरता येत नाही."

दत्तू मित्रांकडे पाहून हसला. "उतरायला काय यायचंय? दोर सोडला की माणूस आपोआप खाली येतं."

"तेच तर भय आहे," बाई म्हणाल्या.

लाडू आम्ही वाटले, कमळच्या नावाने. सूनबाईचा चेहरा पाहवत नव्हता, पण तिने एकेकीच्या हातावर लाडू ठेवला, कमळच्या हातावर दोन. घरी आल्यावर मात्र दत्तूचा पारा चढला. ठाण्यात एक वस्ताद त्याच्या ओळखीचे होते, ते सुलीला तडक मोठ्या गटात घ्यायला तयार होते. दत्तूने निकाल लावला: दिवाळीनंतर ठाण्याला स्पर्धा आहेत. तोवर बाईंनी वर घेतलं तर ठीक, नाहीतर स्पर्धा झाल्यावर सुली ठाण्याच्या तालमीत जाईल. सुली एका दमात दोन्ही बोलायची. "मला बाईंकडेच राहायचंय," आणि लगेच, "मला उंच दोर पाहिजे." आणि रडायची.

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पाटावर बसले आणि त्यांच्याबरोबर निवडू लागले. बाईंनीच सुरुवात केली.

"सुलीसाठी आलात ना, काकू?"

"पोर रात्रभर मुसमुसत होती हो."

"दोराचा पीळ पायाभोवती घालतो ना, त्याला आम्ही आढी म्हणतो. ती कधीकधी चुकीची पडते. माझीही पडायची. सुलीची पडली तर ती ओढून नेते. जोर आहे, चपळाई आहे, म्हणून निभतं. शिवाय खाली गाठ आहे, पाय ठरतो. उंच दोराला गाठ नाही, काकू."

"मग तसं सांगा ना तिला. मी सांगते."

"सांगून उतरली तर माझ्या धाकाने उतरेल. मी खाली नसले म्हणजे? हे तिच्या अंगाला कळायला पाहिजे."

"आणि नाहीच कळलं तर?"

बाईंनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "तर ती ठाण्याला जाईल. मला फार लागेल ते. पण त्या भीतीने मी तिला वर चढवली, तर ते मी माझ्यासाठी केलेलं असेल."

मी उठून आले. जाताना मनात होतं की कसंही करून त्यांना वळवायचं. येताना मला माझीच पोर उंचावर दिसत होती.

तेव्हापासून मी शेडच्या पायरीवर बसून नीट पाहू लागले. कुठलीही मुलगी ऐन रंगात आली, हात सोडून उलटी होणार, तोच बाई म्हणत, "थांब. उतर." मला आजवर वाटायचं की बाई उगीच रसभंग करतात. कमळ मुकाट्याने पीळ सोडवून खाली यायची. सुलीला "थांब" ऐकूच यायचं नाही. ती करामत पुरी करायची, मग झोकात खाली उडी मारायची आणि बाईंकडे पाहायची. बाई रागवायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, "बरं. पुढची." सुली माझ्या शेजारी येऊन धपकन बसायची.

"आजी, माझं पुरं झालेलं बाईंना बघवतच नाही."

"असं बोलू नये."

"मग कमळला कसं वर घेतलं? ती तर अर्धंच करते!"

मी दातांनी दोरा तोडला.

दिवाळी झाली. स्पर्धेच्या दिवशी सकाळीच आम्ही ठाण्याला पोचलो. तळ्याकाठच्या मैदानात मांडव घातला होता. उघड्यावर टांगलेला दोर दहिवराने ओला झाला होता. पुसला तरी गार आणि निसरडाच. दत्तू सगळ्यांत पुढे. त्याचे ते ठाण्याचे वस्तादही येऊन त्याच्याशेजारी बसले. बाई दोराच्या एका अंगाला उभ्या, नेहमीसारख्या, हात पाठीमागे बांधून.

सुलीने सलामी दिली आणि जी सुटली ती काय सांगू! टाळ्या थांबेनात. शेवटची करामत राहिली होती. सगळ्यांत वरच्या गाठीच्याही वर जाऊन, मांडीला पीळ घालून, दोन्ही हात सोडून उलटं व्हायचं. तिने पीळ घातला. आणि पीळ जरासा खाली सरकला. मी माझ्याच हातांनी ती तुमान शिवलेली, मला तिची शिवण हललेली दिसली. "ओढते आता," मी मनात म्हटलं, आणि डोळे मिटावे असं वाटलं, पण मिटले नाहीत.

सुली थांबली. तिने बापाकडे पाहिलं नाही, बाईंकडेही नाही. आपल्या मांडीकडे पाहिलं. मग एका हाताने दोर घट्ट धरून दुसऱ्या हाताने पीळ सोडवला, आणि हाताखाली हात घेत, गाठीवर पाय टेकत, खाली आली. उभी राहिली. नमस्कार केला.

मांडवभर "अरेरे" झालं. करंडक ठाण्याच्याच एका मुलीला मिळाला. सुलीचं नाव कुठेही आलं नाही.

दत्तू तरातरा आला. "अगं, एवढंसं तर राहिलं होतं! ओढून न्यायचं ना!"

"बाबा, आढी खोटी पडली होती."

"मग? आजवर पडली नाही कधी?"

"पडली. पण आज मला कळली," सुली म्हणाली. "उलटं झाल्यावर सुटली असती." दूध नासलंय असं सांगावं तितक्या साध्या आवाजात. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती भुकेली होती, तिला खायला हवं होतं.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी खाली बसून सुलीचे तळवे पाहिले, अंगठ्याच्या बेचक्यात दोराने सोललं तर नाही ना, ते पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काकू, हिच्या तुमानीला मांडीशी दुहेरी कापड लावा. उद्यापासून उंच दोर."

दत्तूने विचारलं, "बाई, सगळा गाव तिला सरस म्हणत होता तेव्हा वर घेतलं नाहीत, आणि आज हरल्यावर घेता?"

"हरली ती परीक्षकांच्या पाटीवर. ते त्यांचं काम," बाई म्हणाल्या. "मी तिला उतरताना बघत होते."

"आणि नागपंचमी?"

"नागपंचमीला उशीर आहे. पोर तयार आहे ती आज."

ठाण्याचे ते वस्ताद पुढे आले. ते दत्तूला म्हणाले, "साहेब, मुलगी माझ्याकडे आणू नका. आहे तिथे ठेवा." आणि बाईंना नमस्कार करून आपल्या तालमीतल्या मुलांकडे गेले.

दत्तू कुठेतरी निघून गेला. मला वाटलं, रागावला. थोड्या वेळाने आला तो कागदाच्या पुड्यात गरम फुटाणे आणि चुरमुरे घेऊन. लाह्या काही त्याला मिळाल्या नव्हत्या. वर्गातल्या एकेकीच्या ओंजळीत त्याने फुटाणे घातले, ज्या मुलीला करंडक मिळाला होता तिच्याही. शेवटी बाईंसमोर पुडा धरला. बाईंनी मूठभर घेतले आणि तिथेच उभ्याउभ्या खाल्ले.

पुढे सुलीने काय मिळवलं ते विमलने या ग्रंथात कुठेतरी दिलंच असेल. मला आठवते ती स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. दत्तू कामावरून घरी न जाता सरळ शेडमध्ये आला आणि उंच दोराचं खालचं टोक धरून उभा राहिला, दोर हलू नये म्हणून. सुली वर गेली. बुटक्या दोराची उंची मागे पडली, आणखी वर गेली. तिने पीळ घातला, तपासला, आणि हात सोडले. मी तेव्हा बाईंकडे पाहिलं. पाठीमागे बांधलेले त्यांचे हात सुटून पुढे आले होते, जणू एवढ्या उंचावरून पोर पडली तर त्या झेलणारच होत्या. सुली खाली येऊन पायांवर उभी राहिली तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतले, आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "बरं. पुढची."

मला त्या दिवशी समजलं की एकेका मुलीला वर चढवायचं म्हणजे बाईंना आतून किती सोसावं लागत होतं. तुम्ही जितक्या जणी उंच दोरावर गेलात, तितक्या वेळा त्या अशाच खाली उभ्या होत्या. तुम्ही वर होतात, तुम्हाला ते दिसणं शक्यच नव्हतं.

मनोरमाबाईंना भरपूर आयुष्य मिळो, आणि ते धडधाकट शरीराने मिळो. त्यांचा गुडघा बरा राहो, अण्णांचा त्यांना सहवास लाभो, आणि त्यांच्या वर्गात पेंढा कधी कमी न पडो. त्या साठीच्या झाल्या आहेत, पंचाहत्तरीच्याही होवोत, आणि तेव्हा लिहायला मी नसले तर तुमच्यातल्या कुणी लिहावं.

आता एक मागणं आहे. ग्रंथ हातात पडला की नुसता फडताळात ठेवू नका. बाईंना पत्र लिहा. सासरी गेल्यावर तुमच्यातल्या कित्येकींचा ठावठिकाणाही त्यांना कळलेला नाही. त्या चौकशी करत नाहीत, पण पोस्टमन दारावरून पुढे गेला की त्या थोडा वेळ दारातच उभ्या राहतात, हे अण्णांनी मला सांगितलं आहे. कशा आहात, लेकरं किती मोठी झाली, कुणी कुठे दोर टांगला आहे का, काय असेल ते कळवा. चार ओळी पुरेत. पण लवकर लिहा, या आठवड्यातच लिहा.

तुमची,
सरूकाकू